पोचा पडलेला डबा

फोरमननी एकतीस वर्षं टूलरूम सांभाळली. कारखाना नळाच्या तोट्यांचा, आणि टूलरूम म्हणजे कारखान्याचं देवघर असं ते स्वतःच म्हणायचे. तिथे भिंतीवर एक मोठी फळी होती. फळीवर प्रत्येक पान्याची, कानशीची, करवतीची आकृती काळ्या रंगाने काढलेली. हत्यार जागेवर नसलं की तिथे त्याची नुसती सावली उरायची, आणि फोरमन सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, "सतरा नंबरचा पाना कुणाच्या सासरी गेलाय?" पाना पाच मिनिटांत परत यायचा.

मग ते निवृत्त झाले. घरी खुर्चीत बसून त्यांनी दोन महिने छताचे पोपडे मोजले. तिसऱ्या महिन्यात लेकीचं बाळंतपण आलं आणि बायको तिच्याकडे तीन आठवडे राहायला गेली. चहा करायला म्हणून फोरमन स्वयंपाकघरात गेले, आणि साखर शोधता शोधता त्यांना घाम फुटला.

एक डबा दुसऱ्यासारखा नाही. पिठाचा पत्र्याचा डबा एका बाजूने चेपलेला. साखरेच्या बरणीच्या झाकणाला जाड दोरा गुंडाळलेला. कशाला रबर, कशाला चिंधी, कशाचं झाकण दुसऱ्याच डब्याचं. मीठ खिडकीच्या कोपऱ्यात एकटंच, शिक्षा झाल्यासारखं. "अशा घरात माणसं जेवली कशी," असं फोरमन मोठ्याने म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं.

तीन आठवड्यांत त्यांनी स्वयंपाकघराची टूलरूम केली. जुने डबे भंगारवाल्याने एका पोत्यात नेले. त्यांच्या जागी चोवीस काचेच्या बरण्या आल्या, सगळ्या एका मापाच्या, आणि प्रत्येकीवर लेबल, ड्रॉइंगवर असतं तसं रेखीव. भिंतीवर फळी लागली. फळीवर झारा, उलथनं, किसणी यांच्या सावल्या.

बायको परत आली ती दारात थोडा वेळ उभी राहिली.

"काय? बोल की," फोरमन म्हणाले.

"चकाचक केलंत," ती म्हणाली, आणि ओट्याच्या कडेवरून हात फिरवत आत गेली. धूळ बघतेय असं त्यांना वाटलं, आणि धूळ नाही याचं समाधानही.

त्यानंतर तिच्या हातून चुका व्हायला लागल्या. वाटाणे शिजायला टाकायचे तर साबुदाणा टाकला. मिरपूड समजून चहाची पूड टाकली. चिमट्याऐवजी पातेल्याचा काठच धरला आणि बोटं भाजून घेतली. इतकी वर्षं डोळे झाकून स्वयंपाक करणारी बाई, आणि आता हे. फोरमन म्हणायचे, "शिस्तीची सवय नाही, दुसरं काय."

एका रविवारी लेक, जावई आणि तान्ही नात जेवायला आली. लेकीला लहानपणापासून आईचं दुधाचं पुडिंग आवडायचं, म्हणून ते केलेलं. जावयाने पहिला चमचा तोंडात घातला आणि चेहरा तसाच ठेवला. गिळावं की थुंकावं हा निर्णय सासुरवाडीत घेणं अवघड असतं. लेकीला ती अडचण नव्हती.

"आई, यात साबण पडलाय का?"

कॉर्नफ्लॉवरच्या जागी खायचा सोडा पडला होता. सगळे हसले. बायकोही हसली. तिथेच थांबायला हवं होतं, पण फोरमनना राहवलं नाही.

"लेबलं मी शेजाऱ्यांसाठी लावलीत? का वाचायला येत नाही तुला?"

बायकोने सगळ्यांचे बाऊल गोळा केले. एक हातातून निसटला, पण फुटला नाही. "तुम्हीच करत जा आता," ती म्हणाली. "तुमची टूलरूम आहे."

यावरही सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात गेलीच नाही. खरं सांगायचं तर फोरमनना आतून बरं वाटलं. रिकाम्या माणसाला काम मिळालं होतं.

मग तीन वर्षं ते रांधत राहिले. वजनकाटा आणला, दुधात बुडवायचा थर्मामीटर आणला, आणि एक वही सुरू केली. वहीत तारीख, पदार्थ, मापं, वेळ, निष्कर्ष. पहिला पाव इतका कडक झाला की सुरी वाकली. लेक म्हणाली, "बाबा, हा दाराला अडकवायला द्या मला, वाऱ्याने आपटतं." संत्र्याच्या मुरंब्यात चमचा रुतून बसला तो बरणीसकट टाकावा लागला. बिस्किटं सारख्या जाडीची व्हावीत म्हणून ते व्हर्नियरने मोजायचे. बिस्किटं सारखी व्हायची, आणि सगळी सारखीच करपायची. एकदा केक ओव्हनमध्ये असा फुगला की फोरमननी हाक मारून बायकोला बघायला बोलावलं. ती येईपर्यंत तो मधोमध बसला होता. ती केकच्या जरा बाजूला बघत म्हणाली, "छान झालाय."

"कुठे बघतेस? खड्डा पडलाय."

"मग खड्ड्यात जॅम भरा."

हे त्यांनी वहीत लिहून घेतलं.

ती केलेलं सगळं खायची. कसं झालंय विचारलं तर "झालंय की" म्हणायची. बोलताना ती त्यांच्या तोंडाकडे बघायची नाही, कानाकडे किंवा खांद्याकडे बघायची. हा रुसवा आहे, पुडिंगच्या दिवसाचा, असं फोरमननी धरलं होतं. रुसव्याला त्यांचं उत्तर असायचं नवा पदार्थ. समजूत काढावी हे डोक्यात यायचं, पण त्याचं माप त्यांना ठाऊक नव्हतं.

डोळ्यांचं लक्षात आलं ते लेकीच्या. नातीचा फोटो आईने डोळ्याच्या कोपऱ्याने बघितला, कोंबडी दाणा बघते तसा. लेकीने त्याच आठवड्यात डॉक्टरकडे नेलं. फोरमनही गेले.

डोळ्यांची डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत नव्हती. पडद्याच्या मधल्या भागाची झीज, ती म्हणाली. बाजूचं दिसतं, समोर बघाल तेच पुसलं जातं. वाचता येत नाही, चेहरा कळत नाही. आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं परत येत नाही.

"कधीपासून होतंय, आजी?"

"झाली की सहा-सात वर्षं."

फोरमन खुर्चीत पुढे सरकले. "सात वर्षं? आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? माझं अडत नव्हतं."

"मग स्वयंपाक कसा करत होतात?" डॉक्टरणीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हाताने. पिठाच्या डब्याला पोचा होता. साखरेच्या झाकणाला दोरा. कॉर्नफ्लॉवरला रबर, सोड्याला चिंधी. मीठ खिडकीत." ती सांगत गेली, एकेका डब्यावर हात ठेवत गेल्यासारखी. लेक एकदा बापाकडे बघून मग जमिनीकडे बघायला लागली. फोरमननी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं, परत काढलं.

लेक दोघांना घरी सोडून चहा न घेता गेली. फोरमन स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. चोवीस बरण्या, एका उंचीच्या, गुळगुळीत, थंड. त्यांनी डोळे मिटून एकीला हात लावला, मग दुसरीला. दोन्ही सारख्याच होत्या.

दुसऱ्या दिवसापासून ते भंगारवाल्यांकडे फिरले. ते डबे केव्हाच वितळून गेले असणार हे त्यांना कळत होतं. तरी तसेच मिळतील तेवढे आणले, आणि बायकोला ओट्याशी स्टुलावर बसवलं.

"सांग. कुठे काय होतं?"

"राहू द्या हो. कशाला उगाच."

"सांग तर."

ती सांगत गेली, ते मांडत गेले. पिठाचा डबा नवाच घ्यावा लागला. त्याला त्यांनी हातोडीने पोचा पाडला. तिने बोटं फिरवली.

"इथे नव्हता. जरा खाली. आणि इतका खोल नव्हता."

फोरमननी दुसरा डबा आणला. त्याला पोचा पाडायला अर्धा तास लागला. इतकं बारीक काम त्यांनी कारखान्यातसुद्धा क्वचित केलं असेल.

सगळं लागल्यावर बायको म्हणाली, "दूध आहे का घरात? लेक उद्या येतेय. करून बघते. पण तुम्ही बाहेर बसायचं."

"बसतो."

"पलीकडच्या खोलीत. दारात नाही."

"बसतो म्हटलं ना."

ते बाहेर गेले. डब्यांचे आवाज ऐकत बसले. झाकण निघालं, झाकण लागलं. चुकीचा आवाज एकही नव्हता. मग काडी ओढल्याचा आवाज आला, गॅस भपकन लागला, आणि फोरमन चपला काढून पावलं न वाजवता दारात येऊन उभे राहिले.

ती त्यांच्याकडे पाठ करून होती. तिचा हात दोऱ्याच्या झाकणावर गेला, न अडखळता. साखर पडली. हात पळीवर गेला. ती गुणगुणत होती. हे फोरमननी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नव्हतं हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. मग तिने पळी खाली ठेवली आणि उघडा पंजा पातेल्याच्या कडेने हळूहळू खाली नेला, ज्योतीकडे. आच किती आहे ते ती बघत होती. चाळीस वर्षं ती आच अशीच बघत असणार. फोरमननी मात्र टूलरूममध्ये माणसांची बोटं तुटताना पाहिली होती.

त्यांनी झेप घेऊन तिचं मनगट पकडलं.

ती दचकली. पातेलं कलंडलं, दूध ओट्यावरून फरशीवर गेलं, गॅस फसफसून विझला. बटण तिनेच चाचपून बंद केलं. मग ती तशीच उभी राहिली, मनगट त्यांच्या हातात.

"तुम्ही इथेच होतात?"

"आत्ताच आलो."

तिने मनगट सोडवून घेतलं. तिचा चेहरा त्यांच्या खांद्याकडे होता, म्हणजे ती त्यांना नीट बघत होती. "बरं," ती म्हणाली. पदराने हात पुसले आणि भिंतीला बोटं लावत बाहेर जाऊन बसली.

"अगं, परत कर ना. मी जातो बाहेर. खरंच जातो. खालीच जाऊन बसतो."

"नको."

"का?"

"आता तुम्ही कुठे आहात तेच ऐकत बसेन मी."

फोरमननी फरशी पुसली. पातेल्यात दीड-दोन पेले दूध उरलं होतं. ते त्यांनी परत गॅसवर चढवलं, कारण उद्या लेक येणार होती. कॉर्नफ्लॉवर अजून घालायचं होतं. त्यांनी एक डबा उघडला. पांढरं. दुसरा उघडला. तेही पांढरं. रबर की चिंधी, कशाला काय ते मघाशी तिने सांगितलं होतं, आणि त्यांनी ते वहीत लिहिलं नव्हतं. मागे दूध वर यायला लागलं होतं. ते डबे उघडत आणि लावत राहिले.

"अहो," बाहेरून आवाज आला. "उद्या त्या तुमच्या बरण्याच लावा परत. तुम्हाला काही सापडत नाहीये. मघापासून ऐकतेय."

फोरमननी बोट ओलं केलं, डब्यात बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.