ओल्या सारवणावरची रेघ

गड्यांनो, आज सकाळी घाटंजीला म्हाताऱ्यांच्या पायांची तपासणी होती, तिथं गेलतो. डॉक्टरीणबाईनं तळव्यांना शाई लावून कागदावरून चालायला सांगितलं. माझ्या डाव्या अंगठ्यापुढं एक लांब रेघ उमटली.

ही रेघ मी आधी पाहिली आहे.

साठच्या दशकात मी दुसरीत होतो. याडीनं, म्हणजे आमच्या आईनं, अंगण सारवलं की आमचे वडील, बापू, त्या ओल्यावरूनच वावरात जायचे. डाव्या पावलापुढं अंगठा घासल्याची रेघ राहायची.

"पाय उचलून चालाले काय होते तुमाले?" याडी चिडायची आणि शेणाचा हात फिरवून रेघ बुजवायची. रेघ रोज लांबत होती, याडी रोज बुजवत होती.

पोळ्याच्या आधी बापू विहिरीत पडून गेले. काठावरच्या चिखलात तीच रेघ होती, थेट कडेपर्यंत गेलेली.

"काका, कधीपासून घासते हा पाय?" डॉक्टरीणबाईनं आज विचारलं. आमच्या घरी आता टाईल्स आहेत, त्यावर काहीच उमटत नाही.

तुमच्या घरच्या म्हाताऱ्याची चप्पल अंगठ्यापाशी झिजली काय, आत्ता उठून पाहता?