हत्तीएवढी टिटवी

माझा नवरा जगात नसलेले प्राणी काढायचा. ती त्याची नोकरी होती. नातेवाइकांना हे मी लग्नात समजावून सांगितलं होतं आणि तो गेल्यावर पुन्हा सांगावं लागलं, कारण पुण्याहून भेटायला आलेल्या काकूंनी विचारलं, "म्हणजे कार्टून का गं?"

कार्टून नाही. गुरुग्रामला एका काचेच्या इमारतीत त्याचं ऑफिस होतं. तिथे कॉम्प्युटरवर खेळायचे मोठे गेम बनत. त्यांत राजे असत, जादूगार असत, पडके किल्ले असत आणि त्या किल्ल्यांच्या वाटेवर विचित्र प्राणी असत. ते प्राणी तो आखायचा. मी दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. गेम मी कधी खेळले नाही. पण फरीदाबादच्या आमच्या घरात जेवताना या प्राण्यांची इतकी चर्चा व्हायची की सासूबाईही विचारायच्या, "ते शिंगांचं अस्वल होतं ना, त्याचं काय झालं रे?"

त्या अस्वलाला बारशिंग्याची शिंगं हवीत असा वरून हुकूम होता. त्याने काढून दिली आणि मीटिंगमध्ये विचारलं, "हे राहतं गुहेत. आत शिरतं कसं?" सगळे हसले, पण अस्वलाची शिंगं तशीच राहिली. तो घरी येऊन चिडायचा. "सिंह घ्या, पंख लावा, पाठीवर आग लावा, झाला प्राणी! अरे, मग तो झोपतो कसा? खाज सुटली तर खाजवतो कशाने?" त्याचं म्हणणं होतं की प्राणी त्याच्या आकारापेक्षा त्याच्या सवयींनी ओळखू येतो. शरीर हवं तितकं खोटं करा, पण एक सवय तरी खऱ्या जनावराची घ्या. मग खेळणारा कुठेतरी थबकतो.

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्ची तापू नये म्हणून सोसायटीने तिच्यावर खडी पसरली आहे. एका उन्हाळ्यात त्या खडीत टिटवीने अंडी घातली. घरटं म्हणावं असं काही नव्हतंच. थोडे खडे बाजूला सारलेले आणि मधे खड्यांसारखीच ठिपक्यांची अंडी. तो वाळलेले कपडे काढायला गेला, तर टिटवीने डोक्यावरून झेपा घेत त्याला जिन्यापर्यंत पिटाळलं. खाली आला तो हसतच. "आपली गच्ची गेली. दोरी बाल्कनीत बांधू या."

मे महिन्यात आमची गच्ची म्हणजे तवा असते. सुट्टीच्या दिवशी तो डोक्याला ओला पंचा गुंडाळून जिन्याच्या दाराआडून बघत बसायचा. एकदा मलाही ओढत घेऊन गेला. टाकी भरून वाहिली की कोपऱ्यात पाणी साचतं. टिटवी अंड्यांवरून उठली, तुरुतुरु त्या पाण्यापर्यंत गेली, पाण्यात बसून तिने पोट घुसळून घुसळून भिजवलं आणि तशीच ओली परत येऊन अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने पुन्हा उठली. जोडीदार आला, त्यानेही तेच केलं.

"बघितलंस? ती अंडी थंड करतेय," तो कुजबुजला. "उबवायला हिला ऊन आहेच. ही पाणी वाहून आणते, पोटाने."

मी ग्रंथालयात शोधलं. पक्ष्यांवरच्या एका जाड पुस्तकात हे खरोखरच लिहिलेलं होतं. त्याला सांगितलं तर तो जरा नाराज झाला. "असू दे. मी पुस्तकाशिवाय बघितलं."

सासूबाईंना मात्र टिटवी गच्चीवर नको होती. "तिचं ओरडणं चांगलं नाही. कुणाला तरी घेऊन जाते."

"आई, ती मला पळवण्यासाठी ओरडतेय. तुझ्या पिढीने उगाच मनाला लावून घेतलंय."

पुढचं वर्षभर तो तिच्यावरच काम करत होता. गेममध्ये एक आटलेला तलाव होता आणि पलीकडे किल्ला. तलावाच्या तळाशी, अगदी वाटेत, एक प्राणी अंड्यांवर बसलेला. हत्तीएवढी टिटवी. बांबूसारखे पिवळे पाय, डोळ्यांपुढे लाल कातडी, पाठीवर खवल्या मांजराचे खवले. जवळ गेलं की ती किंचाळून अंगावर येते. तलवारीने तिला मारता येतं, पण फार वेळ लागतो. नुसतं थांबलं, तर मात्र ती थोड्या वेळाने आपणच उठते, तलावाच्या कडेला उरलेल्या डबक्याकडे जाते आणि पोट भिजवत बसते. तेवढ्यात वाट मोकळी असते. कुणाला न मारता किल्ल्यावर जाता येतं. तिचं मोठं चित्र त्याने चौकटीत बसवून हॉलमध्ये लावलं.

तो हिवाळ्यात गेला. आजाराबद्दल मी इथे लिहिणार नाही. त्या आजाराने आमचा पुरेसा वेळ घेतला आहे.

काकू तेराव्यापर्यंत राहिल्या. त्यांना गच्चीवरची गोष्ट सासूबाईंकडून कळली आणि मग हॉलमधलं चित्र दिसलं. "अगं, गच्चीवर टिटवी, भिंतीवर टिटवी! मुद्दाम बोलावल्यासारखंच केलं की तुम्ही. काढ ते आधी."

मी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र भिंतीकडे तोंड करून टांगलेलं होतं. काकूंचा हात स्टुलावर चढूनही तिथपर्यंत पोचत नाही, म्हणजे सासूबाई स्टुलावर चढल्या होत्या. मी ते सरळ केलं. संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा पाठमोरं. मी पुन्हा सरळ केलं. काकू पुण्याला गेल्या तरी हे चालूच राहिलं. आम्ही दोघी एका टेबलावर जेवत होतो, एकमेकींना भाजी वाढत होतो आणि या विषयावर एक शब्दही बोलत नव्हतो. माझं मत ठाम होतं. ज्याच्या हाताने ते काढलं तो आता नाही, म्हणून त्याच्या चित्राने तोंड लपवायचं? बिल्कुल नाही.

मग एका रविवारी त्याच्या हाताखाली काम केलेला मुलगा घरी आला. पंजाबी, खूप सभ्य, मला भाभीजी म्हणणारा. त्याने माझ्या नवऱ्याच्या खुर्चीवरचा स्वेटर आणला होता, चहाचा मग आणि त्या टिटवीचा मातीचा छोटा नमुना. चहा घेता घेता म्हणाला, "गेम के शुरू में सर का नाम आएगा, भाभीजी. उनकी याद में."

"आणि तिचं काय?" मी नमुन्याकडे बोट दाखवलं. तो आणलेला चहाचा मग न्याहाळायला लागला.

हळूहळू निघालं ते असं. गेम बाहेर काढण्याआधी काही लोकांना खेळायला दिला होता. प्राणी उठून पाण्याकडे गेला की लोकांना वाटे गेम बिघडला. लढाई अर्धवट टाकून कुणी आंघोळीला जातं का? म्हणून ऑफिसातल्या साहेबांनी ठरवलं होतं की पाण्याकडे जाणं काढून टाकायचं, चोचीत दात बसवायचे आणि तिला नुसतं लढायला लावायचं.

"चोचीत दात?"

"जी."

"मला तुमच्या साहेबांना भेटायचंय," मी म्हटलं. मी स्वतःहून कुणाला भेटायला जाणारी बाई नाही. ग्रंथालयातही मी लोक येण्याची वाट बघते. पण गेले. सासूबाई म्हणाल्या, त्याची खुर्ची बघायची आहे, मीही येते. टॅक्सीत आम्ही दोघी मधे पर्स ठेवून बसलो.

साहेब तरुण होता आणि अगदी नम्र. त्याने आम्हाला पाणी दिलं, एका मोठ्या स्क्रीनसमोर बसवलं आणि म्हणाला, "मॅडम, लोग समझते हैं गेम अटक गया."

"समझने दीजिए," मी म्हटलं.

"सर बहुत टैलेंटेड थे. लेकिन प्लेयर को फाइट चाहिए."

"अच्छा. तर मग त्यांचं नाव काढून टाका." मी मराठीत सुरू झाले आणि मग हिंदीत आले. "दात तुमचे, मारामारी तुमची, तर नावही तुमचंच घाला. पाण्याकडे न जाणारा प्राणी त्यांनी काढलेला नाही. न काढलेल्या प्राण्यावर त्यांची आठवण चिकटवू नका. एवढंच सांगायला आले आहे."

शेजारी एक मुलगी तपासणीसाठी गेम खेळत होती. तिला साहेबाने खूण केली, मॅडमना दाखव म्हणून. स्क्रीनवर तलाव आला, भेगाळलेली माती आली आणि ती आली, हत्तीएवढी, पिवळ्या पायांची. मी तिला हलताना पहिल्यांदाच बघत होते. ती किंचाळली. मुलीने आपला योद्धा मागे सरकवला, थांबवला. प्राणी उठला आणि तुरुतुरु डबक्याकडे निघाला. चाल अगदी आमच्या गच्चीवरची. तो पाण्यात बसला, पोट घुसळायला लागला, आणि त्या मुलीने, सवयच असेल, मागून तलवार उगारली.

"ए बेटा, रुक!" सासूबाई खुर्चीतून उठल्या होत्या. "पीछे से क्या मारती है? उसके अंडे तप रहे हैं. जाने दे उसको वापस."

मुलीने हात खाली घेतला. खोलीतले सगळे आमच्याकडे बघत होते. प्राणी ओल्या पोटाने परत येऊन अंड्यांवर बसला आणि त्याने पंख जरा सावरले.

"हां," सासूबाई म्हणाल्या. "आता पुढच्या वेळी ती गेली की तू जा निघून."

साहेब हसला, पण ओशाळून. "आंटीजी जैसे प्लेयर हमारे पास कम हैं."

"तो ज्यादा बनाओ," सासूबाई म्हणाल्या आणि लेकाची खुर्ची कुठली ते विचारायला त्या पंजाबी मुलाकडे वळल्या.

परतताना टॅक्सीत सासूबाई म्हणाल्या, "टिटवी अशुभच. तू कितीही पुस्तकं दाखव."

"बरं."

"पण माझ्या पोराने काढलंय ते. त्याला दात लावणारे हे कोण?"

त्यानंतर चित्र पाठमोरं झालं नाही. त्यावर आम्ही तेव्हाही बोललो नाही.

गेम बाहेर आला तेव्हा पंजाबी मुलाने येऊन तो आमच्या टीव्हीला जोडून दिला. सुरुवातीला माझ्या नवऱ्याचं नाव आलं. सासूबाईंनी चष्मा पुसला. तलावापर्यंत पोचायला मला कित्येक संध्याकाळी लागल्या, कारण मला गेममध्ये धड चालता येत नव्हतं, मी भिंतींना धडकत होते. दात नव्हते. पाण्याकडे जाणं होतं. पण पाठीवर आग लावलीच होती त्यांनी! खवल्यांच्या मधून ज्वाळा. मी इतकी संतापले की टीव्ही बंद केला. मग तो काय म्हणाला असता ते ऐकू आल्यासारखं झालं: "अगं, मग अंडी उकडत नाहीत का?" दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. ती पाण्यात बसली की आग चरचरून विझते आणि वाफ निघते. परत येऊन अंड्यांवर बसते तेव्हाही विझलेलीच असते. एवढं तरी कुणीतरी विचारात घेतलं होतं. बहुतेक त्या पंजाबी मुलानेच.

मी अजून चिडलेलीच आहे. आग मला मान्य नाही, आणि हे मी साहेबांना लिहून कळवलं आहे.

या मे महिन्यात टिटवी परत आली आहे. टाकीला सोसायटीने नवा बॉलकॉक बसवलाय, त्यामुळे ती भरून वाहत नाही. सासूबाई सकाळी परात पाण्याने भरून गच्चीच्या दाराशी ठेवतात. टिटवी अंगावर येते तेव्हा "मर मेली" म्हणत जिना उतरतात आणि दुपारी पुन्हा परात भरायला चढतात.

गेमबद्दल लोक जिथे लिहितात ती जागा मला सापडली आहे. ऑफिसातून आले की वाचते. तक्रारी तिच्याबद्दलच जास्त असतात. काल एकाने लिहिलं होतं, हा प्राणी बिघडलेला आहे, मधेच लढाई सोडून पाण्यात जाऊन बसतो, लवकर दुरुस्त करा.

"काय म्हणतोय?" सासूबाईंनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"लिही त्याला."

मी लिहिलं, ती बिघडलेली नाही. तलवार खाली ठेवा आणि ती परत येईपर्यंत तिच्याकडे बघा.