चुलीवरची रॅकेट

"बाबाची रॅकेट जुनी झाली असेल, माझा हात नाही जुना झाला," अ‍ॅग्नेस म्हणाली.

"हाताचं कोण बोलतंय, बाय? तो सेक्रेटरी भाऊ तुला जन्मभर तीनच्या उन्हात उभी ठेवेल, तेव्हा ती लाकडी फळी डोक्यावर धर. सावली तरी पडेल," रुडॉल्फ म्हणाला.

मी कुंपणाला टेकून घमेल्यात शेण कालवत होते. ती दोघं बहीण-भाऊ कोर्टावर उभी राहून भांडत होती आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेण कालवणाऱ्या बाईकडे कोण बघतो? म्हणून तर मला सगळं ऐकू यायचं.

आमच्या कोपरीत खाडीच्या अंगाला एक लहानसा जिमखाना होता. पत्र्याची खोली, चार लोखंडी खुर्च्या आणि टेनिसचं एकच कोर्ट, तेही मातीचं. मुरूम-मातीचं कोर्ट नुसतं ठेवलं तर त्याची धूळ उडते, म्हणून दर शुक्रवारी मी आणि माझी जाऊ ते शेणाने सारवायचो. आम्ही कोळ्यांच्या बायका. मासळीची पाटी सकाळी, सारवण दुपारी. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही तिसरीला दोनदा बसून, पण त्या कोर्टावर पहिलं पाऊल कधी पडायचं ते मी सांगायची. ओलं असताना सेक्रेटरीसुद्धा बाहेर उभा राहायचा.

अ‍ॅग्नेस माझ्या शेजारची. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक आंब्याचं झाड आणि एक गटार, एवढंच. तिचा बाबा सिल्वेस्टर याच जिमखान्यात मार्कर होता. मार्कर म्हणजे कोर्टाची निगा राखायची आणि मेंबरांना जोडीदार मिळाला नाही की त्यांच्याशी खेळायचं. साहेबांशी खेळून घरी आला की तो उरलेल्या उजेडात पोरीशी खेळायचा. पोरगी उंच, खांद्याने रुंद, बोलायला फटकळ. तिनं लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, गोदूबाय, मला हुकूम टेलिफोनवरच पुरे होतात. ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. कानाला ते यंत्र लावून दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायची आणि संध्याकाळी कोर्टावर बॉलला त्या परत करायची.

आणि तीच संध्याकाळ तिच्याकडून गेली. भाऊ म्हणून आमच्याकडे एक वाळू-विटांचा व्यापारी होता, तो सेक्रेटरी झाला. सगळे त्याला भाऊच म्हणायचे, मीपण. त्यानं पाटी लावली की बायकांनी तीन ते चार खेळायचं, संध्याकाळ पुरुषांची. अ‍ॅग्नेसची पाळी सुटायची चारला. म्हणजे तिनं खेळायचंच नाही, असं सरळ न लिहिता लिहिलेलं होतं. ती पाटीखाली उभी राहून भाऊशी बोलली. भाऊ हसत म्हणाला की संध्याकाळचा खेळ जोराचा असतो, तुझ्या उलथन्याने तिथे पोळी तरी परतेल का? उलथनं म्हणजे तिच्या बाबाची लाकडी रॅकेट. मग चारचौघांत फुशारकी मारायला त्यानं अट घातली. विश्रामशी एक सेट खेळ, त्यात चार गेम घे, आणि संध्याकाळी पाचला खुशाल ये. विश्राम म्हणजे म्युनिसिपालिटीतला तरुण कारकून, जिमखान्यातला सगळ्यात जोरकस खेळणारा. त्याच्यावर भाऊचा भरवसा होता.

हे शहाऐंशी साल. माझी थोरली दुसऱ्या बाळंतपणाला आली होती, म्हणून लक्षात आहे. रुडॉल्फ तेव्हा बहारीनहून सुट्टीवर आलेला. येताना स्वतःसाठी एक नवी रॅकेट घेऊन आलेला. काळी कुळकुळीत, कार्बनची म्हणे. आमच्या आळीत सगळ्यांनी ती हातात घेऊन बघितली. मीपण घेतली. लाकडी रॅकेट उचलली की पाट उचलल्यासारखं वाटायचं, आणि ही म्हणजे हातात काही आहे की नाही तेच कळेना. तोंड केवढं मोठं, जवळजवळ माझ्या सुपाएवढं. रुडॉल्फने ती बहिणीला देऊ केली आणि त्यावरून सुरुवातीला लिहिलं ते भांडण झालं. तिचं म्हणणं, बाबाच्या रॅकेटीनेच मी भाऊचे दात मोजीन.

आठ-दहा दिवस ती हट्टाने लाकडी घेऊन रुडॉल्फशी खेळली. रुडॉल्फ नव्या रॅकेटीने खेळायचा. मी शेंबडं नातवंड कडेवर घेऊन बघायची. टेनिस मला कळत नाही, पण जड-हलकं कळतं. लाकडीच्या अगदी मधोमध बॉल लागला तर तो छान जायचा, "टप" असा आवाज यायचा. जरा कडेला लागला की तिच्या मनगटाला हिसका बसायचा आणि बॉल मरतुकडा व्हायचा. रुडॉल्फचा बॉल कडेला लागला तरी पलीकडे जाऊन पडायचा. तो तिच्याहून कच्चा खेळणारा, पोट सुटलेला, आणि तरी ती धावत राहायची, तो उभा राहायचा. एका संध्याकाळी ती घरी गेली, बाबाची रॅकेट कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवली आणि भावाला म्हणाली, दे ती तुझी काळी.

रुडॉल्फला वाटलं जिंकलो. पण अ‍ॅग्नेसने नवी रॅकेट घेतली तरी रीत जुनीच ठेवली. तिच्या बाबाच्या रॅकेटीला आतड्याचं गट असायचं. गट म्हणजे त्या विणलेल्या तारा. खाडीच्या दमट हवेत आतडं फुगतं आणि तुटतं, म्हणून सिल्वेस्टर रॅकेट चुलीवरच्या खिळ्याला टांगायचा, सुकट-बोंबलाच्या टोपलीशेजारी. त्या घरात रॅकेट दुसरीकडे कुठे ठेवतात हे कुणाला माहीतच नव्हतं. तिनं काळी रॅकेट त्याच खिळ्याला टांगली. खाली सकाळ-संध्याकाळ लाकडं पेटत होती.

आणि मग बॉल उडायला लागले. पहिले दोन दिवस बरे गेले, पुढे बॉलला नुसता स्पर्श झाला की तो कोर्टामागच्या भिंतीवरून पलीकडे. भिंतीपलीकडे तिवरं आणि त्यापुढे खाडी. माझा नवरा होडी घेऊन यायचा तेव्हा मासळीबरोबर पिवळे बॉलपण आणायचा. रुडॉल्फला कळेना. शेवटी तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला आणि त्यानं वर बघितलं.

"बाय, ही रॅकेट आहे की बोंबील?"

मग त्यानं समजावलं. मी ओसरीवर होते, मलाही ऐकू आलं. हे गट आतड्याचं नाही, नायलॉनचं. दमटपणाचं त्याला काही नाही, पण आच लागली की ते सैल पडतं. गट ताठ असलं की बॉल मापात जातो. सैल असलं की बॉल आत रुततो आणि गोफणीतून सुटावा तसा सुटतो. त्यात ही रॅकेट मुळातच उडवी. डोंबिवलीला नाथा म्हणून एक जण गटिंग करतो, त्याच्याकडून ताठ बांधून आणतो म्हणाला.

ती म्हणाली, नको.

रुडॉल्फने कपाळाला हात लावला. ती म्हणाली, हात दुखत नाही माझा. लाकडीने कोपर ठणकायचं, तुझ्या ताठ गटाने पहिल्या दिवशी ठणकलं, आता नाही ठणकत. आणि बॉल आत रुततो ना? मग रुतलेला असताना मी त्याचं काय करीन ते मी बघते.

तिनं काय केलं ते मी रोज बघितलं. बॉलला समोरून मारायचं तिनं सोडून दिलं. रॅकेट खालून वर घासत न्यायची, आम्ही शेपटीकडून डोक्याकडे खवले काढतो ना, तशी. बॉल गरगरत उंच जायचा, आता गेला खाडीत असं वाटायचं, आणि मध्येच जीव गेल्यासारखा रेषेच्या आत पडायचा. पडला की पुन्हा उसळून खांद्याएवढा यायचा. लाकडीने असं होत नव्हतं. त्या जड, अरुंद तोंडाने असं घासायला गेलं की बॉल कडेलाच लागायचा. हिचं तोंड मोठं, वजन हलकं, वर न्यायला हात मोकळा. हे जमेपर्यंत खाडीत बरेच बॉल गेले. रुडॉल्फ म्हणायचा की आता मासेच सेट खेळतील.

शनिवारी विश्रामशी खेळ ठरला. शुक्रवारी मी आणि जावेने नेहमीसारखंच सारवलं. ताज्या सारवणावर सरळ मारलेला बॉल उसळत नाही, सरपटतो. विश्रामचे बॉल तसेच सरपटत यायचे आणि पहिले तीन गेम त्यानं असे घेतले की भाऊने चहा मागवला. मग अ‍ॅग्नेसने ते बॉल खालून खरवडायला सुरुवात केली. विश्राम गुडघ्याएवढ्या बॉलला वाकून राहायचा आणि हिचा यायचा त्याच्या कानाशी. त्याचे बॉल जाळीत जायला लागले. एक गेम, मग दुसरा. भाऊचा चहा निवला. तिच्या साडीच्या निऱ्या सुटल्या, तिनं त्या कमरेला गच्च खोचल्या आणि तिसरा घेतला. चौथ्याला फार वेळ लागला. एकदा हा पुढे, एकदा ती. त्या गेमचा शेवटचा बॉल उंच गेला, इतका उंच की विश्राम तो बाहेर जाणार म्हणून रॅकेट खाली करून उभा राहिला. बॉल त्याच्यामागे रेषेवर पडला. माझ्या सारवणावर त्याचा ठसा उठला, कुणाला नाही म्हणता येईना.

सेट विश्रामनेच जिंकला, सहा-चार. पण तिला हवे होते तेवढे तिनं घेतले होते.

भाऊ उठला आणि म्हणाला की हे काही खरं नाही. बॉल असा उडवून पाडायचा हा खेळ नव्हे, ही त्या परदेशी रॅकेटीची करामत. लाकडीने घेतले असते तर मानलं असतं.

अ‍ॅग्नेस घाम पुसत होती. तिनं आवाज चढवला नाही.

"लाकडी होती तेव्हा उलथनं म्हणालात. आता ही आहे तर करामत म्हणता. भाऊ, तुम्हाला रॅकेट नकोय की मी नकोय, ते एकदा पाटीवर लिहा. मी सोमवारी पाचला येते."

सोमवारी ती आली. कोर्टावर दोन खांब उभे होते आणि मध्ये जाळी नव्हती. भाऊने जाळी काढून खोलीत ठेवली होती, वर कुलूप. भाऊ आणि त्याची तीन-चार मंडळी खुर्च्यांवर बसून बघत होती की आता ही काय करते. ती मागे वळली. मला वाटलं, चालली घरी. ती कुंपणाशी माझ्याजवळ आली आणि तिनं विचारलं, गोदूबाय, तुझ्या घोवाचं जुनं जाळं आहे काय गो?

कोळ्याच्या घरात जाळं आहे का म्हणून विचारते. घरी जाऊन मी माळ्यावरचं काढलं. आम्ही दोघींनी ते खांद्यावर घेतलं, कोर्टावर नेलं आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून बांधलं. गाठी मी मारल्या. त्याला वास काय होता म्हणाल तर सगळ्या जुन्या हंगामांचा होता. भाऊने नाकाला रुमाल लावला. ती आपल्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि पलीकडे कुणी नसताना बॉल मारायला लागली. बॉल जाऊन भिंतीला लागायचे, ती चालत जायची, वेचायची, पुन्हा मारायची. लाज वाटण्यासारखं होतं सगळं, पण ती लाजत नव्हती, तेव्हा लाजायचं कुणी हा प्रश्न खुर्च्यांवर बसलेल्यांना पडला.

थोड्या वेळाने विश्राम खुर्चीवरून उठला आणि पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. भाऊने त्याला हाक मारली.

"भाऊ, चार गेम माझ्याकडून गेलेत, तुमच्याकडून नाही," विश्राम म्हणाला आणि त्यानं बॉल मागितला.

अंधार पडेपर्यंत दोघं खेळली. एक बॉल जाळ्यात असा अडकला की मला जाऊन सोडवावा लागला. मंगळवारी जिमखान्याची जाळी परत खांबाला होती आणि पाटी खिळ्यासकट गेली होती. आमचं जाळं मी घरी आणलं, नवरा म्हणाला त्याला आता टेनिसचा वास येतो.

पुढे अकरा-बारा वर्षं अ‍ॅग्नेस पाचला येत राहिली. तिच्यामागे शाळेतल्या एक बाई आल्या, मग दवाखान्यातली नर्स, मग त्यांच्या मुली. घोडबंदर रोडला इमारती उठल्या, पोरांच्या हातात नवनव्या रॅकेटी आल्या. रुडॉल्फने आणखी दोन पाठवल्या, त्या तिनं वाटून टाकल्या. काळी तेवढी ठेवली. दर वर्षी पावसाळा सरला की ती डोंबिवलीला नाथाकडे जायची आणि गटिंग करून आणायची. येताना माझ्यासाठी तिथल्या एका दुकानातली मिश्री आणायची, ठाण्याची मला चालत नाही.

सत्त्याण्णव साली डॉक्टरने तिला खेळायचं बंद केलं. छातीचं दुखणं होतं. ती म्हणाली, खेळायचं बंद, यायचं नाही ना बंद, आणि पाचला येऊन खुर्चीवर बसायची. भाऊचीच खुर्ची. दसरा झाला तशी ती रॅकेट घेऊन निघाली. एकटीने जाऊ नको म्हणून मी बरोबर गेले. त्या फेरीनंतर आठवड्याच्या आत ती गेली, पण त्या दिवशी तसं काही वाटलं नाही. जिने चढताना थांबली तेवढंच.

नाथाने रॅकेट हातात घेतली आणि दर वर्षीचं बोलणं सुरू केलं. मावशी, ही चौकट म्हातारी झाली. एवढं सैल मी कुणाला बांधून देत नाही, माझं नाव जातं. अ‍ॅग्नेसने स्टुलावर बूड टेकलं आणि म्हणाली, नाव माझं सांग. त्यानं बांधलं. तिनं तळहाताने गट दाबून बघितलं, परत दिली, म्हणाली अजून सैल. त्यानं कुरकुरत पुन्हा बांधलं. मग तिनं माझी मिश्री घेतली, आणि मी पुडीला हात लावायच्या आत ती स्वतःच्या पिशवीत टाकली, घरी गेल्यावर देते म्हणाली, नाहीतर तू वाटेतच तोंड काळं करशील.

घरी आलो. चूल जाऊन तिथे गॅस आला होता, बोंबलाची टोपली गेली होती, पण खिळा होता. तिनं मिश्रीची पुडी माझ्या हातावर ठेवली, पाटावर चढली आणि रॅकेट खिळ्याला टांगली. मग खाली उतरून तिनं गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.