पिंपात भाजलेली पाच भांडी

बसचालकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्याला मातीचं वेड लागलं. घरात ना चाक, ना भट्टी. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तो हातानेच भांडी घडवायचा आणि मागच्या अंगणात, जुन्या लोखंडी पिंपात, लाकडाच्या भुशात भाजायचा. तीनदा हाती नुसती खापरं आली.

"जन्मात कधी बस ठोकली नाहीत, आणि आता भांडी फोडताय!" बायको म्हणायची.

पण तो हट्टाला पेटला होता. भांडी वरून वाळली तरी आतून ओली राहतात, हे शेवटी त्याला उमगलं. मग रोज एकेक भांडं तो गालाला लावून बघायचा. गार लागलं की परत फळीवर. तीन आठवड्यांनी कुठे त्याने पिंप पेटवलं.

दिवसभर भुसा धुमसला. दुसऱ्या दिवशी राखेतून पाच भांडी निघाली, काळीभोर, एकालाही तडा नाही. त्याने ती एकेक करून पायरीवर ओळीने मांडली.

बायको बाहेर आली. त्यातलं सर्वांत देखणं भांडं पुसून तिने शेजारणीला हाक मारली, "अहो वहिनी, बघा तरी! आमच्या ह्यांनी केलंय, घरच्या घरी!"