आत्याचे शेवटचे टाके

आत्याचे शेवटचे टाके मी उसवले.

माझ्या हातानं. तिच्याच कात्रीनं. आणि वर मोठ्या तोऱ्यात तिलाच नेऊन दाखवलं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. त्या टाक्यांचं मी कोणाजवळ बोलले नाही. आज सांगून टाकते, मग ज्यांना जे म्हणायचं ते म्हणा.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. नव्वदी कधीच ओलांडलेली. दर्यापूरला आमच्याच घरी राहायची आणि दिवसभर गोधड्या शिवायची.

"घरात ढीगभर ब्लँकेटं पडली हायेत, कायले डोये फोडून राहिली?" मी शंभरदा विचारलं असेल.

"मले मजा येते म्हून."

विषय संपला!

तिचा एक नियम होता. घरी जो येईल त्यानं गोधडीवर टाक्यांची एक रेघ घालायची. गॅस सिलेंडरवाला, माझ्या शाळेतल्या मॅडम, एकदा तर तिचं बीपी बघायला आलेले डॉक्टर.

"बसा. एक रेघ घाला, मंग चहा भेटते."

कोणाची रेघ सरळ, कोणाची शेताच्या धुऱ्यासारखी वाकडीतिकडी. पण आत्यानं कधी कोणाचा टाका उसवला नाही.

त्याला कारण होतं.

लहानपणी ती अकोल्याला मामाकडे शिकायला होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात. दुसरी मोठी लढाई चालू, कापड कंट्रोलवर, दोऱ्याचीसुद्धा मारामार. शिवणाच्या तासाला सगळ्या मुली मिळून एक गोधडी करत होत्या. आत्यानं जीव लावून आपली रेघ घातली.

बाईंनी गोधडी वर धरली आणि वर्गाला विचारलं, "ही रेघ आहे की बैल मुतत गेला?"

वर्ग खो खो हसला. बाईंनी रेघ उसवली. आणि तो दोरा आत्यालाच परत रिळावर गुंडाळायला लावला. वाया घालवायला दोरा होताच कुठे?

"मी दोरा गुंडाळून राहिली, अन् पोरी हसून राहिल्या," हे ती म्हातारपणीही कालचं असल्यासारखं सांगायची. "माह्या घरात कोनाचाच टाका उसवायचा नाई. सांगून ठेवते."

आणि मी? मी रिटायर्ड मास्तरीण. जन्मभर लाल पेनानं वह्या तपासल्या. वाकडं दिसलं की माझा हात शिवशिवतो. तिच्या गोधड्यांना मी इतकी नावं ठेवली की तिनं मला कधी गोधडी दिलीच नाही.

ही शेवटची मात्र माझ्यासाठी होती.

"ही तुह्यी वं, मंदे. नावं ठेव नाईतर पांघर."

गोधडी अर्धी झाली आणि आत्या न्हाणीत पडली. उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, सुई बंद. आत्या मुकाट्यानं हो म्हणाली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण ती मुकाट्यानं कशालाच हो म्हणत नसे.

एक दिवस मी ती गोधडी उलगडली. बाबांच्या पांढऱ्या धोतराचा तुकडा होता, त्यावर लाल दोऱ्याची एक नवी रेघ. एक टाका बोटभर, एक तांदळाएवढा. आणि वाकडी म्हणजे किती वाकडी!

माझ्या भावाची बायको वर्षा तेव्हा पुण्याहून चार दिवस आलेली. म्हटलं, हिचीच करामत.

सगळी रेघ उसवली. दोरा केरात टाकला. शेजारी माझी रेघ घातली, पट्टीनं आखल्यासारखी. आणि आत्याच्या मांडीवर नेऊन ठेवली.

तिनं कापडावरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली.

"इथं दोरा होता ना वं?"

"होता. वर्षानं घातला दिसते. शी, काय ते टाके! मी सरळ करून टाकलं. पाह्य, कशी परफेक्ट झाली!"

तिनं माझ्या रेघेवरून एक बोट शेवटपर्यंत नेलं.

मग म्हणाली, "हो. वर्षानंच घातला असंन."

आणि गोधडीची घडी घालत, "तुह्यी रेघ सरळच असते, बाई."

मी खूश! मला वाटलं, अखेर कौतुक केलं म्हातारीनं.

पंधरा दिवसांत ती गेली.

तेराव्याला वर्षा ती गोधडी मांडीवर घेऊन रडत बसली होती. माझी जीभ तेव्हाही गप्प बसली नाही. म्हटलं, "तुझ्या त्या रेघेनं मला चांगलंच कामाला लावलं होतं."

तिनं डोळे पुसले. "ताई, मी तर गोधडीला हातच लावला नाही. आत्या शिवायच्या. तुम्ही भाजीला गेलात की, डाव्या हातानं उजवा हात धरून. मला म्हणाल्या, मंदाला सांगू नको, ओरडेल."

मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले.

म्हणजे तिला त्याच क्षणी कळलं होतं. पुन्हा एकदा एका मास्तरणीनं तिची रेघ उसवली होती. आणि मला वाईट वाटू नये म्हणून तिनं वर्षाचं नाव पुढे केलं.

बाईंनी निदान दोरा परत दिला होता. मी तोही ठेवला नाही.

वर्षभर ती गोधडी मी धुतली नाही. धुतली तर सुईची भोकं बुजतील, ही भीती.

आज सकाळी खिडकीच्या उजेडात धरली. धोतर जुनं, सुई जाड. भोकं दिसली. सगळी.

लाल दोरा ओवला आणि त्याच भोकांतून घालत गेले. तिचा टाका लांब तिथे लांब, आखूड तिथे आखूड.

शेजारची माझी सरळ रेघ उसवून टाकावी असं फार वाटलं. पण ह्या घरात कोणाचाच टाका उसवायचा नाही. राहू दिली.

काठ चार बोटं राहिला आणि भोकं संपली. तिथवरच तिचा हात पोचला होता.

मीही तिथेच दोरा तोडला.

फोटो टाकते आहे. वाकडी रेघ आत्याची, सरळ माझी. हसायचं असेल तर सरळ रेघेला हसा.

आत्या, हात जोडते वं तुले. चुकली मी.

तुह्यी मंदा.