भिलाईचा चिला आणि आईचा स्ट्रायकर

डिसेंबरात मावशीचा भिलाईहून फोन आला. "जयभीम ताई. आमच्या सेक्टरच्या क्लबात बायकांची कॅरम स्पर्धा आहे. माही जोडीदार लेकीकडे गेली. तू ये."

"मले नाही जमत आता," आई म्हणाली. "माहा हात माहीत आहे ना तुले?"

गेल्या पावसाळ्यात आईचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर कधीच निघालं, डॉक्टरांनीही सगळं ठीक म्हणून सांगितलं, पण तिचा त्या हातावरचा विश्वास काही परतला नाही. चहाचा कपसुद्धा ती डाव्या हातानं उचलायची. लग्नाआधी या दोघी बहिणींसमोर कॅरमला बसायला कॉलनीतली पोरं घाबरत, हे मी फक्त ऐकलेलं.

"मंग नको खेळू. चिला खाले तं ये," मावशी म्हणाली. चिल्याला, तिकडच्या धिरड्याला, आई नाही म्हणू शकत नाही. मी लगेच दोन तिकिटं काढली.

भिलाईसाठी शेजारच्या दुर्गला उतरायचं; नागपूरहून तिथं जायला सकाळची गाडी उत्तम. थंडीत शनिवार-रविवारची गर्दी असते, तेव्हा आरक्षण आधी करा. गोंदिया मागे पडलं की झाडी दाट होते आणि डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ खिडकीतून दिसतं. दुर्गला उतरल्यावर शेअर ऑटो स्वस्त पडते. आमच्याकडे सामान होतं, म्हणून आम्ही भाव ठरवून पूर्ण ऑटो केली. मावशीच्या सेक्टर दहाकडे वळलं की रस्ते रुंद होतात, दोन्ही बाजूंना झाडं आणि त्यांच्यामागे पोलाद कारखान्याच्या कामगारांचे क्वार्टर. नागपूरच्या रहदारीतून आलेल्या माणसाला इथं उगाच हळू चालावंसं वाटतं.

मावशीनं तव्यावर तांदळाच्या पिठाचा चिला टाकलेलाच होता. पातळ, जाळीदार, सोबत टमाटरची झणझणीत चटणी. तिळाची फोडणी दिलेला फराही होता, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट मुटके. भिलाईत कुणाच्या घरी हे मिळालं तर हॉटेलचा विचारही करू नका.

दुसरा चिला संपताना मावशी सहज म्हणाली, "ताई, तुहं नाव देऊन टाकलं मी. उद्या सकाळी आपली मॅच आहे."

आईनं ताट बाजूला सारलं. "कावून देलं? मी काय म्हटलं होतं तुले?"

"बोटानं खेळतेत ना कॅरम?"

आई उठून अंगणात जाऊन बसली. मावसाजी कारखान्यातली फर्स्ट शिफ्ट करून आले तेव्हाही ती तिथंच होती. त्यांनी हातपाय धुतले. कॅरम बोर्ड आणून तिच्यापुढं ठेवला, पावडर टाकली आणि एकटेच खेळायला लागले. त्यांचा नेम इतका वाईट होता की शेवटी आईनं स्ट्रायकर हिसकावला. डाव्या हातानंच.

रविवारी क्लबात समोर आंध्राच्या एक काकू आणि त्यांची सून. हसतमुख आणि खेळायला भयंकर. आई डाव्या हातानं मारत होती, सोंगट्या भलतीकडे जात होत्या. पहिला बोर्ड आमची जोडी सपशेल हरली. आईचा चेहरा उतरला. मलाच वाटायला लागलं, हिला उगाच आणलं.

सोंगट्या पुन्हा मांडताना मावशी पुढं झुकली. तिचा आवाज अगदी शांत होता. "ताई, हरू आपण. त्याचं काही नाही. पण हरायचंच आहे तं उजव्या हातानं हर."

आईनं डाव्या हातातला स्ट्रायकर खाली ठेवला. मग तिनं उजवा हात वर घेतला, दोनदा मूठ उघडली, मिटली. पहिला फटका इतका हलका बसला की स्ट्रायकर अर्ध्यातच थांबला. दुसरा थोडा बरा. तिसऱ्याला काळी सोंगटी कोपऱ्यात गेली, आणि आई पाठ ताठ करून बसली. दुसरा बोर्ड बहिणींनी जिंकला. शेवटच्या बोर्डात आईनं राणी घेतली, कव्हरही केली, मॅच जिंकली, आणि आंध्राच्या काकू आपल्या सुनेला म्हणाल्या, "ये दीदी तो छुपी रुस्तम निकली."

पुढच्या फेरीत एका शाळकरी मुलीनं आणि तिच्या आजीनं आमच्या जोडीचा धुव्वा उडवला. दोघी बहिणी हसतच बाहेर आल्या.

बाहेरच्या गाडीवर डोसा खाल्ला. भिलाईत देशभरातली माणसं कामाला आली आणि आपापलं जेवणही घेऊन आली, त्यामुळे इथला डोसा सहसा निराश करत नाही. संध्याकाळी मावसाजींनी ढोलकी काढली, मावशीनं भीमगीतं म्हटली. आई टाळ्या वाजवत होती. मावशी गाता गाता तिच्या हातांकडे पाहत होती.

या सहलीचे माझ्याकडे फोटो कमीच आहेत. चिल्याची कृती लिहून आणली, पण माझा चिला तव्याला चिकटतो.

फेब्रुवारीत मावशीचा पुन्हा फोन आला, दुसऱ्या क्लबातल्या स्पर्धेसाठी. मी दोन तिकिटं बघायला लागले, तर आई म्हणाली, "एकच काढ. तू आली की माहं ध्यान तुह्याकडे राहते."

"एकटी जाशील?"

"कावून नाही?"

मी एकच काढलं, खिडकीजवळचं. मग परतीचं कोणत्या दिवसाचं काढू ते विचारलं.

"राहू दे," आई म्हणाली. "जिंकत गेलो तं थांबा लागते."