सातव्या खिळ्याखालचं वर्तुळ

चिंचेच्या कोळात पितळ भिजलं की एक आंबट, किंचित रक्ताची आठवण देणारा वास सुटतो. आश्विनात घरोघरी देवांची भांडी निघतात तेव्हा तो आमच्या शनवारा पेठेच्या गल्ल्यांतून सावकाश फिरू लागतो, आणि मी खिडक्या लावून घेतो, बाहेर असलो तर नाकाला रुमाल. बायकोला वाटतं, मला चिंचेचं वावडं आहे. सव्वीस वर्षं मी तिला तसं वाटू दिलं.

तापीकाठचं जुनं कोळशाचं वीजघर मोडीत निघणार, असं यंदा नवरात्रात कळलं. तुझ्याजवळ कॅमेरा आहे, ते पाडण्याआधी फोटो काढून ठेव, असं जुन्या सोबत्यांनी सांगितलं. मी तिथे टाइमकीपर होतो, कामगारांची हजेरी आणि बिल्ले सांभाळणारा. ते बंद पडल्यापासून त्या वाटेला फिरकलो नव्हतो. केळीच्या बागांमधून जाणारा रस्ता तसाच ओलसर, हिरव्या उजेडाचा होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विडी विझवली आणि म्हणाला, "फोटो बिनधास्त काढा साहेब, लेकिन जिन्यावर चढू नका. सडेल आहे तो."

आत फुटक्या पत्र्यांतून उन्हाचे तिरपे खांब उतरले होते आणि त्यांत राखेचे कण इतके संथ तरंगत होते की काळच तिथे खाली बसायला विसरला असावा. टर्बाइन कधीच उचलून नेलेलं. त्याच्या खड्ड्यात हिरवं पाणी, काठावर एरंडाचं रोप, बॉयलरच्या तोंडात पारव्यांची घुमणारी कुजबुज. कोळसा संपतो, त्याचा वास संपत नाही. भिंतींनी तो छातीत धरून ठेवला होता. मी फोटो काढत राहिलो. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचे, चाकांचे, गंजलेल्या नळ्यांचे. पुष्कळ वेळाने माझ्या लक्षात आलं की मी सगळ्या इमारतीला फेऱ्या घालतो आहे आणि एका भिंतीकडे सतत पाठ करतो आहे.

ती राखेच्या कोठीशेजारची भिंत. तिच्यावर एक फळी, फळीवर नंबर घातलेले खिळे. रीत साधी होती. प्रत्येकाचा पितळेचा बिल्ला एरवी ऑफिसातल्या चौकटीत असे. कोठी साफ करायला आत उतरणाऱ्याने तो आणून इथल्या आपल्या खिळ्याला लावायचा आणि बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. वरचा माणूस खाली फळीकडे बघे. खिळे रिकामे दिसले तरच झडप उघडून तापलेली राख कोठीत सोडे.

सव्वीस वर्षांपूर्वी, त्या दिवशी खंडेनवमी होती. यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पूजेत मांडायला मी सगळे बिल्ले चिंचेच्या पाण्यात टाकले. सात नंबरचा चौकटीत नव्हता; तो कोठीजवळ खिळ्याला लटकताना दिसला. सणाच्या सकाळी कोठीत कोण उतरतंय, रात्रपाळीचा राहिला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. नियम मला पाठ होता. यालाच एकट्याला काळा का ठेवायचा, एवढंच मनात आलं, आणि मी तो काढला.

कोठीतून किंकाळी ऐकू आली तेव्हा तो माझ्या हातात होता, ओला, सोन्यासारखा लखलखीत. मी धावलो नाही. आधी तो ऑफिसातल्या चौकटीत अडकवला. मग धावलो.

सात नंबरवाले सुकलालनाना वाचले, डोळे गेले. चौकशीत बिल्ला चौकटीतच मिळाला, म्हणजे त्यांनी तो खिळ्याला लावलाच नव्हता, असं ठरलं. तो एवढा चकचकीत का, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवशी सगळेच चकचकीत होते. आणि नानांनीही ते मान्य केलं. दर दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन त्यांच्या पाया पडायला जात असे. ते पानं चाचपत म्हणत, "माझ्याच हातानं घात केला रे बाबू. लावल्यासारखं आठवतं, पण माणसाच्या आठवणीचं काय खरं?" तेव्हापासून ते स्वतःवर विश्वास ठेवत नाहीत. दाराची कडी लावतात, मग हाताने हलवून पाहतात, मग पुन्हा पाहतात.

मी फळीसमोर उभा राहिलो. प्रत्येक खिळ्याखाली, बिल्ला टेकायचा तिथे, काजळी न बसलेलं फिकट वर्तुळ होतं. सातव्याखालचं सर्वांत ठळक. इतका नेमाने लावणारा माणूस.

तिथून थेट नानांकडे गेलो.

"दसरा तर परवा आहे," दारातल्या पावलांवरूनच ते म्हणाले. "चप्पल अजून बी तशीच घासत चालतो. आता तरी नवी घे, कंजूस."

"वीजघराचे फोटो काढले, नाना."

"अरे, आंधळ्याला फोटो दाखवायला आला का?" ते हसले. "सांग, काय दिसतं?"

"फळी दिसते. तुम्ही बिल्ला लावला होता. मी काढला."

शेजारच्या गल्लीत माग खटखटत होते. नाना अंगठा तर्जनीवर घासत राहिले, जणू त्यांच्यामध्ये काही चपटं, गोल होतं.

"धुवाले?"

"हो."

"अन् मंग ऑफिसात टांगला."

हा प्रश्न नव्हता. तरी मी हो म्हणालो.

"मंग मी लावला होता," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, माझ्याकडे तोंड न करता, "लावला होता मी."

आतून सुनेने विचारलं, "नाना, चहा दोन कप ठेवू ना?"

"एकच ठेव, बाई. बाबू चालला."

ते भिंतीला धरत माझ्यामागे दारापर्यंत आले. मी पायरी उतरलो, आणि पाठीमागे कडी वाजली. मी गल्लीत थांबलो, ते ती पुन्हा हलवून पाहतील याची वाट पाहत. कुणाच्या तरी ओसरीवर तांब्या-ताम्हन घासणं चाललं होतं. तो वास येत होता, आणि या वेळी मी नाकाला रुमाल लावला नाही.

कडी पुन्हा वाजली नाही. त्यांना आता हात लावून पाहायची गरज उरली नव्हती, की ते दारामागे, माझ्यासारखेच, नुसते उभे होते, हे मला बाहेरून कळणं शक्य नव्हतं.